कोणत्या दलात?

माणसाला आयुष्यातील मोठी निवड करावी लागते ती बहुधा अशा वयात, की ज्या वयात अनुभव थोडा आणि हौस फार असते. बी पेरण्यापूर्वी शेतकरी माती हातात घेऊन चुरडून पाहतो. बैल विकत घेण्यापूर्वी त्याचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. परंतु सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आपल्या आयुष्याची वाट ठरवितो, तेव्हा इतकी पारख त्याच्या हातून होतेच असे नाही. मित्र जिकडे गेले तिकडे तोही निघतो. किंवा चार लोक ज्याला नावाजतात तेच आपल्यालाही हवे, असे त्याला वाटू लागते. सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. 'मी सैन्यात जाणार' असे पुष्कळ मुले म्हणतात. 'सैन्यात जाऊन मी कोणते काम करणार?' हा प्रश्न मात्र त्यांतील थोडीच स्वतःला विचारतात.

सातारा जिल्ह्यातील एका मुलापुढे हा प्रश्न एका फाल्गुनात येऊन उभा राहिला. या जिल्ह्याचे सैन्याशी नाते फार जुने आहे. येथील अपशिंगे या गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखतात. पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, कामी आलेल्या तेथील ४६ जणांचे स्मारक त्या गावात आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली सुरू झाली तीही साताऱ्यातच. या मुलाचे गाव इतके नावाजलेले नव्हते. तरीही तेथे पाच-सात घरांआड एक घर फौजीचे होतेच, आणि सुट्टीवर आलेल्या जवानाभोवती पारावर मुलांचा घोळका जमल्यावाचून राहत नसे.

मुलाने दहावीनंतर तालुक्याच्या गावी दोन वर्षे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण पूर्ण केले होते. रोज पहाटे तो एका मित्राबरोबर ओढ्यापलीकडच्या माळावर धावावयास जाई. भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर धावावे लागते, नऊ फुटांचा चर उडी मारून ओलांडावा लागतो, आडव्या दांडीला लोंबकळून स्वतःचे शरीर वर उचलावे लागते. त्या सगळ्याची तयारी दोघांनी दसऱ्यापासून चालविली होती. सोळाशे मीटरचे अंतर तो आता पाच मिनिटे वीस सेकंदांत तोडू लागला होता. अर्ज भरण्याची शेवटची तारीख उद्यावर आली होती, आणि अर्जातील एकाच रकान्यापाशी मुलाचे बोट अडून राहिले होते. त्या रकान्यात लिहावयाचे होते, कोणत्या गटासाठी?

भूदलाच्या भरतीत असे निरनिराळे गट असतात. 'जनरल ड्यूटी' म्हणजे सर्वसाधारण सैनिक. 'तांत्रिक' म्हणजे यंत्रे, वाहने, विद्युत उपकरणे सांभाळणारा. 'लिपिक आणि भांडारपाल' म्हणजे हिशेब व सामान यांची नोंद ठेवणारा. आणि 'ट्रेड्समन' या गटात स्वयंपाकी, शिंपी, न्हावी अशी नाना कामे करणारे जवान येतात. प्रत्येक गटाची शिक्षणाची अट वेगळी असते. आयटीआयमुळे मुलाला तांत्रिक गटाचा मार्ग मोकळा होता. परंतु मित्राने आदल्याच दिवशी त्याला टोमणा मारला होता, "पानाच फिरवायचा तर त्यासाठी फौजेत कशाला जायचं? तो इथल्या गॅरेजातही फिरवता येतो. शिपाई व्हायचं तर बंदूक घेऊन पुढं उभं राहायचं!" हे शब्द मुलाच्या मनात काट्यासारखे सलत होते.

घरातही एकमत नव्हते. त्याच्या वडिलांना त्या रकान्यापेक्षा पुढच्या दिवसांची काळजी अधिक होती. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेनुसार भरती होणाऱ्या अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते, आणि त्यानंतर त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. "चार वर्षांनी परत यावं लागलं, तर हातात काय असेल तेही बघ," एवढेच ते म्हणाले आणि ऊस भरण्यासाठी शेताकडे निघून गेले. आई काहीच बोलली नाही. तिने मुलाच्या ताटात भाकरी वाढली, आणि ती संपण्याआधीच दुसरी वाढली.

संध्याकाळी मुलगा आजोबांपाशी येऊन बसला. त्यांना सारे घर 'आबा' म्हणे. आबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते.

"आबा, उद्या शेवटची तारीख. जनरल ड्यूटी लिहू ना?"

"का बरं?"

"सगळे तेच लिहितात."

"सगळ्यांचं राहू दे. तू का लिहितोस?"

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्हीच सांगा, आबा. पुढं उभा राहून लढतो तोच खरा शिपाई ना?"

आबांनी लगेच उत्तर दिले नाही. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांनी स्वतःला अनेक वर्षे विचारला होता.

बाहेरून पाहणाऱ्याला सैन्य म्हणजे एकसारखा गणवेश घातलेल्या आणि एकसारखी पावले टाकणाऱ्या माणसांची रांग वाटते. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात ती तशी दिसतेही. परंतु त्या रांगेतील प्रत्येकाच्या हातांना वेगळे काम शिकविलेले असते. देशाची सशस्त्र दले तीन: भूदल, नौदल आणि वायुदल. एकट्या भूदलातच किती शाखा! शत्रूशी समोरासमोर भिडते ते पायदळ. रणगाडे घेऊन मुसंडी मारते ते चिलखती दल. दुरून मारा करून पायदळाची वाट मोकळी करतो तो तोफखाना. नदीवर पूल बांधावा, पेरलेले सुरुंग काढावेत, तुटलेला रस्ता जोडावा, ही कामे अभियंता दलाची. तारायंत्र, रेडिओ आणि आता संगणक यांच्या साहाय्याने सेनापतीचा शब्द शेवटच्या ठाण्यापर्यंत पोहोचविते ते संदेशवहन दल. पीठ, डाळ, तेल, डिझेल वाहून नेते ते पुरवठा दल. बिघडलेली वाहने, तोफा आणि रडार दुरुस्त करते ते विद्युत व यांत्रिकी अभियंता दल. त्याचे ब्रीदच 'कर्म ही धर्म' असे आहे. जखमी जवानाला उचलून त्याच्यावर उपचार करते ते वैद्यकीय दल.

नौदलाची आणि वायुदलाची गोष्टही अशीच आहे. युद्धनौकेवर तोफ डागणारा नाविक असतो, तसा तळाशी इंजिनाच्या उष्ण खोलीत घाम गाळणाराही असतो. लढाऊ विमानात वैमानिक एक किंवा दोन. पण ते विमान धावपट्टीवरून उठण्यापूर्वी जमिनीवरच्या कितीतरी जणांनी त्याचे इंजिन तपासलेले असते, त्याला शस्त्रे जोडलेली असतात, हवामानाचा अंदाज घेतलेला असतो. यांतील एकाच्या हातून चूक झाली, तरी वैमानिकाचे सारे कौशल्य व्यर्थ जाते.

मग यांतील मोठे कोण आणि लहान कोण? हा प्रश्न गावच्या पारावर जितका सोपा वाटतो तितका तो रणभूमीवर सोपा राहत नाही. १९४८ सालची गोष्ट आहे. काश्मीरमधील नौशहराहून राजौरीकडे भारतीय फौज निघाली होती. वाटेत शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे तोडून रस्ता अडविला होता आणि वरच्या टेकड्यांवरून त्याचा मारा चालू होता. रणगाडे असूनही त्यांना पुढे सरकता येईना. अशा वेळी पुढे झाले ते सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिया गावी १९१८ साली त्यांचा जन्म झाला. १९४० मध्ये ते साधे शिपाई म्हणून बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलात दाखल झाले, आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर अनुभव घेऊन पुढे अधिकारी झाले. ८ एप्रिल रोजी त्यांच्या तुकडीवर तोफांचा मारा झाला; त्यात काही जवान कामी आले आणि राणे स्वतः जखमी झाले. तथापि त्यांनी काम सोडले नाही. रणगाड्याच्या आडोशाने सरपटत जाऊन त्यांनी सुरुंग काढले, अडथळे दूर केले, आवश्यक तेथे वळणरस्ते तयार केले. हे काम त्यांनी ११ एप्रिलपर्यंत जवळजवळ विश्रांती न घेता केले. राणे यांच्या हातांनी मोकळ्या केलेल्या त्या रस्त्यावरून फौज राजौरीला पोहोचली. या कामगिरीबद्दल त्यांना परमवीरचक्र देण्यात आले. बंदुकीची एकही गोळी न झाडता माणूस किती शौर्य गाजवू शकतो, हे त्यांच्या त्या चार दिवसांनी दाखवून दिले. अभियंता दलाचे ब्रीदवाक्य एकाच शब्दाचे आहे: 'सर्वत्र'.

नामदेव जाधव यांचे उदाहरणही असेच विचार करावयास लावणारे आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातला हा जवान दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत गेला होता. तेथे त्याचे काम निरोप्याचे होते. कंपनीच्या अधिकाऱ्याचा निरोप धावत जाऊन दुसरीकडे पोहोचवावयाचा, एवढेच ते काम. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्याच्या भोवतालचे बहुतेक सहकारी मशीनगनच्या माऱ्याखाली पडले. या निरोप्याने भर माऱ्यातून आणि सुरुंगांतून दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक नदीपार नेले. नंतर परत येऊन त्याने शत्रूची तीन मशीनगन ठाणी निकामी केली. हाताला जखम झाली होती, तरी तो थांबला नाही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा त्या काळचा सर्वोच्च मान मिळाला. निरोप्याचे काम सकाळी कुणाला हलके वाटले असेल, तर संध्याकाळी तसे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा राहिली नसेल.

याचा अर्थ असा नव्हे की, मनाची ओढ दाबून टाकावी आणि मिळेल ते काम निमूटपणे पत्करावे. ओढ ही सुद्धा मोठी गोष्ट आहे. अर्देशिर तारापोर यांना तरुणपणापासून चिलखती दलाची ओढ होती. परंतु १९४२ साली त्यांची नेमणूक झाली ती हैदराबाद संस्थानाच्या पायदळात. मिळालेले काम आवडते नव्हते, म्हणून त्यांनी ते अंग चोरून केले नाही. एकदा हातबाँब फेकण्याचे शिक्षण चालू असता एका शिकाऊ जवानाने फेकलेला बाँब जवळच पडला. तारापोर यांनी झेप घेऊन तो उचलला आणि दूर भिरकावला. तो हवेत फुटला व त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. बरे झाल्यावर संस्थानाच्या सेनापतींनी त्यांना बोलावून त्यांचे कौतुक केले. तेव्हा तारापोर यांनी एकच विनंती केली, मला चिलखती दलात पाठवावे. ती मान्य झाली. पुढे ते पूना हॉर्स या नामवंत रिसाल्याचे प्रमुख झाले. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर ते जखमी झाले असताही त्यांनी रणभूमी सोडण्यास नकार दिला, आणि १६ सप्टेंबर रोजी तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आवडते काम मिळावे म्हणून धडपडावे, पण ते मिळेपर्यंत हाती असलेले कामही जीव ओतून करावे, असा दुहेरी धडा त्यांच्या चरित्रातून मिळतो.

आणि मागे राहणारा सुरक्षित, पुढे जाणारा तेवढा संकटात, हा समजही खरा नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे दल लढणाऱ्यांचे नव्हे, तर दुरुस्ती करणाऱ्यांचे होते. ते विद्युत व यांत्रिकी अभियंता दलातले जवान. तरीही १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या व कायमचे अपंगत्व आले. शत्रूची गोळी गणवेश पाहते, शाखा विचारीत नाही. पेटकर खचले नाहीत. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक पटकाविले.

या सर्व गोष्टी मुलाने शाळेत केव्हा ना केव्हा ऐकल्या होत्या. परंतु ऐकलेली गोष्ट आणि आपल्या घरात घडलेली गोष्ट यांत अंतर असते. त्या संध्याकाळी आबांनी जे सांगितले ते त्यांनी तोवर घरात कोणालाच सांगितले नव्हते.

"मी भरती झालो ते बहात्तरच्या दुष्काळात," आबा म्हणाले. "विहिरी आटल्या होत्या. माणसं खडी फोडायला जात होती. मला मराठा पलटणीत जायचं होतं. लहानपणापासून डोक्यात तेच. भरतीच्या साहेबानं विचारलं, गाडी चालवता येते का? मी ट्रॅक्टर चालवायला शिकलो होतो. हो म्हणालो. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, हुशारी दाखवली म्हणून खूष झाला. पुढं कळलं, मला पुरवठा दलात ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"कुणाला सांगणार? मला कुणी विचारलंच नव्हतं. घरात दाणा नव्हता. पगार सुरू झाला, त्यावर समाधान मानलं. पण सुट्टीवर आलो की पारावर बसायला जीव धजत नसे. लोक विचारत, कोणत्या पलटणीत आहेस? मी विषय बदलायचो."

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. धाकटी बहीण, आठवीत शिकणारी, पुस्तक मिटून उंबऱ्यावर येऊन बसली होती.

आबा पुढे सांगू लागले. श्रीनगरहून लडाखमधील लेहला जाणारा रस्ता सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत झोजी ला ही खिंड लागते. तिची उंची साडेअकरा हजार फूट. त्या काळी हिवाळ्यात बर्फ पडले की ही खिंड कित्येक महिने बंद राही. त्यामुळे पलीकडच्या ठाण्यांवरील हजारो जवानांना हिवाळाभर पुरेल इतके धान्य, रॉकेल, औषधे आणि दारूगोळा खिंड उघडी असेपर्यंतच पोहोचवावा लागे. जबलपूरच्या कारखान्यात तयार झालेल्या शक्तिमान गाड्यांची रांग पहाटेपासून घाट चढू लागे. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी; रस्ता इतका अरुंद, की एका वेळी एकाच बाजूची वाहने सोडली जात. थंडीने डिझेल गोठू लागे. पुढची गाडी थांबली की मागच्या साऱ्या थांबत.

"एका वर्षी बर्फ लवकर आलं," आबा म्हणाले. "आम्ही खिंडीच्या पलीकडे उतरत होतो. द्रासच्या अलीकडे माझी गाडी बंद पडली. आमच्यातला एक मेकॅनिक, केरळचा पोरगा, गाडीखाली बर्फात आडवा झाला. हातमोजे घालून नट धरता येईना, म्हणून त्यानं ते काढून टाकले. दोन तासांनी इंजिन सुरू झालं. तोवर त्याची बोटं काळीनिळी पडली होती. ठाण्यावर पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. वरच्या चौकीवरचे जवान रॉकेल न्यायला खाली आले होते. त्यांच्याकडचं संपत आलं होतं. त्यांतल्या एकानं माझ्या हातातून डबा घेतला आणि पोटाशी धरला. तो काही बोलला नाही. माझ्या मफलरवरचं बर्फ त्यानं हातानं झटकलं, आणि डबा पाठीवर बांधून चढायला लागला."

आबांचा स्वर थोडा उतरला. "त्या दिवसापासून मी विषय बदलायचं सोडलं. कुणी विचारलं, कोणती पलटण, तर सांगायचो, ड्रायव्हर होतो, रॉकेल पोहोचवत होतो."

"म्हणजे मी तांत्रिक लिहू?" मुलाने विचारले.

"तसं मी म्हटलेलं नाही," आबा जरा कठोरपणे म्हणाले. "पायदळात जायचं असेल तर जरूर जा. त्यांच्याशिवाय ठाणं राखलं जात नाही. पुढं उभं राहणाऱ्याला लागतं ते काळीज सगळ्यांजवळ नसतं. पण मित्र हसेल म्हणून जाऊ नकोस, आणि गाडी दुरुस्त करणं सोपं म्हणून तिकडंही जाऊ नकोस. रात्री दोन वाजता, उपाशीपोटी, हात गोठलेले असताना जे काम तू मन लावून करशील, ते तुझं. कुठलं ते तुला ठाऊक."

धाकट्या बहिणीने तेवढ्यात विचारले, "आबा, मला विमानाचं काम करायचं असेल तर?"

आबा हसले. मुलींना हा प्रश्न विचारताही येत नसे, असा काळ त्यांनी पाहिला होता. २०१६ साली तीन तरुणी वायुदलात लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या, आणि २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही मुलींना प्रवेश मिळू लागला. १९५४ साली सुरू झालेल्या या प्रबोधिनीत तिन्ही दलांचे भावी अधिकारी तीन वर्षे एकत्र शिकतात आणि मग आपापल्या दलाच्या पुढील शिक्षणासाठी निरनिराळ्या ठिकाणी जातात. तेथील भूदलाच्या शाखेसाठी बारावी कोणत्याही विषयांतून चालते. परंतु नौदल आणि वायुदल यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय घेतलेले असावे लागतात. पुढेही कोणाला कोणती शाखा मिळावी हे त्याच्या इच्छेबरोबरच त्याची गुणवत्ता आणि सैन्याची गरज पाहून ठरते. म्हणजे ज्याला आकाशात जावयाचे आहे, त्याच्या निवडीची पहिली पायरी विमानतळावर नसते. ती दहावीनंतरच्या वर्गात, किंबहुना आठवीच्या गणिताच्या वहीत असते. हे मुलाने बहिणीला समजावून सांगितले. तिने तोंड वाकडे केले, कारण गणिताची वही त्या दिवशी तिने उघडलीच नव्हती. थोड्या वेळाने मात्र ती आत जाऊन दिव्याखाली बसली.

रात्री मुलाला लवकर झोप आली नाही. मागच्या पावसाळ्यातील एक प्रसंग त्याला आठवला. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत बंद पडला होता. दिवस मावळेपर्यंत तो त्या इंजिनाशी झुंजला होता. पाऊस सुरू झाला, आईने दोनदा जेवावयास बोलाविले. पण दोष सापडेपर्यंत त्याला भूक लागली नाही की पाऊस जाणवला नाही. इंधनाच्या नळीत अडकलेला कचरा अखेर सापडला आणि इंजिन धडधडू लागले, तेव्हा झालेला आनंद त्याने कोणालाच सांगितला नव्हता. सांगण्याजोगे त्यात काही आहे असे त्याला वाटले नव्हते. शर्यत जिंकल्यावर त्याला आनंद होई तो लोकांनी टाळ्या वाजविल्या म्हणून. त्या ट्रॅक्टरजवळ टाळ्या वाजविणारे कोणीही नव्हते, आणि तरीही तो आनंद अधिक खोल होता. शिवाय वडिलांचे बोलणेही त्याला आता निराळे वाटू लागले. चार वर्षांनी परत यावे लागले, तर हाताला आलेले कौशल्य त्याच्याबरोबर परत येणार होते.

सकाळी त्याने अर्ज भरला. त्या रकान्यात त्याने 'तांत्रिक' हा गट निवडला. धावण्यात तो कमी पडत होता म्हणून नव्हे. मित्राच्या पुढेच तो रोज दोन पावले असे. मित्राने 'जनरल ड्यूटी' लिहिले. त्यानेही ते विचार करूनच लिहिले होते, कारण माळावर दोघांमध्ये त्या सकाळी बराच वेळ बोलणे झाले होते. चेष्टा मात्र त्याने केली नाही. "माझी गाडी बंद पडली तर तूच ये," असे तो म्हणाला, आणि दोघेही पुन्हा धावू लागले. निवड होणार की नाही, हे पुढे लेखी परीक्षेने आणि भरतीच्या मैदानाने ठरवावयाचे होते.

मुलगा घरी परतला तेव्हा आबा अंगणात उन्हाला बसले होते. कोणता गट लिहिला, हे त्यांनी विचारले नाही.

"तुला कुणी लिहायला लावलं नाही ना?" एवढेच ते म्हणाले.

"नाही, आबा. मीच लिहिलं."

"मग झालं," आबा म्हणाले, आणि त्यांनी चहासाठी सुनेला हाक मारली.